जुन्या पोर्शसाठी कर्ज: बँक शोधण्याआधी तारण ठरवा

तुमचा प्रश्न मला असा समजला. पुण्यात नोकरी, हातात येणारा पगार महिना १ लाख ७० हजार, त्यातून घराचा हप्ता ४८ हजार. बचत ८ लाख, इक्विटी म्युच्युअल फंडांत २२ लाख. मुंबईतल्या एका मालकाकडे २०११ मॉडेलची पोर्श बॉक्सस्टर आहे, पहिली नोंदणी फेब्रुवारी २०१२ची, किंमत २६ लाख. तुमच्या पगाराच्या बँकेने कर्ज नाकारलं. मधला डीलर म्हणतो, "१५ लाख मी करून देतो, आठ टक्क्यांनी, चार वर्षांसाठी." आणि तुम्ही विचारताय की अशा गाडीला कर्ज देणारी बँक कोणती आणि मुदत किती वर्षांची घ्यावी.

वाहनकर्ज मंजूर करण्याच्या टेबलावर माझी बरीच वर्षं गेली, आता मी स्वतंत्रपणे लोकांची कर्जप्रकरणं बघते. त्या अनुभवावरून सांगते, बँकेचं नाव इथे दुय्यम आहे. या गाडीला तारण म्हणून सावकाराच्या लेखी जवळजवळ किंमत नाही, हा खरा अडसर आहे. त्यामुळे कर्ज मिळेल ते गाडीला नाही, तुम्हाला मिळेल. ते तुमच्या पगारावर घ्यायचं, गुंतवणुकीवर घ्यायचं की घरावर, हे ठरलं की मुदत आणि व्याजदर बऱ्याच अंशी आपोआप ठरतात.

बँकेने नकार का दिला ते आधी बघू, म्हणजे आणखी चार ठिकाणी अर्ज करण्याचा मोह होणार नाही. प्रत्येक अर्जागणिक तुमच्या सिबिल अहवालावर एक चौकशी नोंदवली जाते. थोड्या दिवसांत अशा पाच-सहा चौकश्या दिसल्या की पुढचा अधिकारी फाइल उघडतानाच साशंक असतो.

जुन्या गाडीची फाइल टेबलावर आली की तीन गोष्टी बघितल्या जातात. पहिली म्हणजे कर्ज फिटेल तेव्हा गाडीचं वय किती असेल. बहुतेक बँका ही मर्यादा आठ ते दहा वर्षांच्या आसपास ठेवतात, काही वित्त कंपन्या थोडी सैल ठेवतात. तुमची गाडी आजच त्या रेषेच्या पलीकडे आहे. दुसरी म्हणजे व्हॅल्युअर, म्हणजे बँकेसाठी गाडीची किंमत ठरवणारा माणूस, काय आकडा देतो. स्विफ्ट किंवा क्रेटाचे भाव ठरवायला रोजचे शेकडो व्यवहार असतात, बॉक्सस्टरचे नसतात. मग व्हॅल्युअर हात राखून आकडा लिहितो आणि कर्ज त्या आकड्याच्या काही टक्के मिळतं, तुम्ही मोजणार त्या किमतीच्या नाही. तिसरी गोष्ट अर्जदाराला कुणी सांगत नाही. हप्ते थकले आणि गाडी ओढून आणावी लागली, तर ती किती दिवसांत विकली जाईल? दोन सीटची, आयात केलेली, वय झालेली गाडी यार्डात महिनोन्‌महिने पडून राहते. तुमचा सिबिल स्कोअर ८००च्या वर असला तरी या तिन्ही उत्तरांत काही फरक पडत नाही.

तुमच्या गाडीत आणखी एक तारीख दडलेली आहे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, म्हणजे ही आरसी फेब्रुवारी २०२७ला संपते. पुढे आरटीओत फिटनेस तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावं लागतं. एप्रिल २०२२ पासून आयात चारचाकीसाठी या नूतनीकरणाची फी ४० हजार रुपये आहे, देशी मोटारीला ती ५ हजार आहे. महाराष्ट्रात वर हरित कर भरावा लागतो. चार वर्षांचं कर्ज घेतलंत तर आरसी मध्येच संपणार, आणि गाडीवर कर्ज देणाऱ्या कुणालाही ते चालत नाही. शिवाय नूतनीकरण तोंडावर आलेली गाडी घेताना तो खर्च विक्रेत्याच्या किमतीतून वजा व्हायला हवा. हा मुद्दा घासाघिशीत जरूर काढा.

आता डीलरच्या 'आठ टक्क्यां'कडे येऊ. १५ लाखांवर आठ टक्के, चार वर्षं, म्हणजे ४ लाख ८० हजार व्याज आणि ४१,२५० रुपयांचा हप्ता. तुम्हाला हाच आकडा सांगितला असेल तर तो फ्लॅट दर आहे. फ्लॅटमध्ये व्याज पहिल्या दिवसाच्या मुद्दलावर शेवटपर्यंत मोजलं जातं. तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत जाता, पण व्याजाचा आकडा खाली येत नाही. घटत्या शिलकीवर हिशेब मांडला तर हाच हप्ता वर्षाला १४ टक्क्यांहून जास्त पडतो. ताडून बघायचं असेल तर १५ लाख, ४८ महिने, घटत्या शिलकीवर १३ टक्के धरा. हप्ता ४०,२४१ येतो. म्हणजे 'आठ टक्के'वालं कर्ज तेरा टक्क्यांच्या कर्जापेक्षा महाग आहे.

हे पकडायला गणितही करावं लागत नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार प्रत्येक किरकोळ कर्जाबरोबर 'की फॅक्ट स्टेटमेंट' देणं बंधनकारक आहे. व्याज, प्रोसेसिंग फी, कर्जासोबत गळ्यात मारलेला विमा, हे सगळं धरून येणारा वार्षिक दर त्यात एका आकड्यात लिहिलेला असतो. डीलरला म्हणा, "तो कागद आधी दाखवा, मग बोलू." मुदतीआधी कर्ज फेडलं तर किती दंड, हेही त्याच कागदावर वाचा. जुन्या गाड्यांवरची कर्जं बहुधा स्थिर दराची असतात आणि त्यांत हा दंड बऱ्यापैकी असू शकतो.

मग पैसा कुठून उभा करायचा? यातलं बरंच काही तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. घरात दुसरा पगार आहे का, आईवडील तुमच्यावर अवलंबून आहेत का, नोकरी किती पक्की आहे, रोजच्या वापराला दुसरी गाडी आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ही एकच गाडी असणार असेल तर माझं उत्तर बदलेल, कारण ती वर्कशॉपमध्ये असेल त्या आठवड्यांतही तुम्हाला कामावर जायचं आहे. दुसरी गाडी आहे असं धरून पुढचं लिहिते.

सगळ्यात स्वस्त दिसणारा मार्ग म्हणजे घराच्या कर्जावर टॉप-अप, म्हणजे चालू गृहकर्जावरच वाढीव कर्ज. दर गृहकर्जाच्या जवळपास असतो, गाडीच्या आरसीवर बोजा चढत नाही. पण त्याची मुदतही गृहकर्जाइतकी लांबते, आणि छोटा हप्ता बघून माणूस निश्चिंत होतो. गाडी विकून टाकल्यावरही दहा वर्षं तिचं व्याज भरणारी माणसं मी पाहिली आहेत. टॉप-अप घ्यायचाच असेल तर तीन वर्षांत फेडायचा हप्ता स्वतः काढा आणि तेवढी रक्कम दरमहा आपणहून भरा. व्यक्तीने स्वतःच्या गरजेसाठी घेतलेल्या बदलत्या दराच्या कर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड नसतो, त्यामुळे हे करता येतं. त्या शिस्तीची स्वतःबद्दल खात्री नसेल तर या वाटेला जाऊ नका, कारण इथे पणाला घर लागतं.

वैयक्तिक कर्ज दराने महाग असलं तरी स्वच्छ असतं. गाडीचं वय कुणी विचारत नाही, आरसी मोकळी राहते, उद्या गाडी विकायची वेळ आली तर बँकेच्या एनओसीसाठी थांबावं लागत नाही. जुन्या स्पोर्ट्स कारचं गिऱ्हाईक कधीतरीच येतं आणि आलं की त्याला लगेच व्यवहार हवा असतो, म्हणून मोकळ्या आरसीला मी बरंच वजन देते. नोकरीच्या ठिकाणी पगारदारांची पतसंस्था असेल तर तिथे आधी चौकशी करा. कपात थेट पगारातून होते, त्यामुळे दर अनेकदा बँकेच्या वैयक्तिक कर्जापेक्षा बरा मिळतो. मात्र तिथे जामीनदार लागतात. हौसेच्या गाडीसाठी सहकाऱ्याला जामीन उभं करावं का, याचा विचार सही मागण्याआधी करा.

सोनेतारणाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण अशा वेळी घरात तो विषय निघतोच. माझं मत स्पष्ट आहे. घरातले दागिने आजारपण, शिक्षण, धंद्यातली अडचण यांसाठी असतात. स्पोर्ट्स कारसाठी ते गहाण ठेवू नयेत, मग व्याज कितीही कमी असो.

तुमच्या बाबतीत मला सगळ्यात उपयोगाचे वाटतात ते म्युच्युअल फंड. युनिट तारण ठेवून ओव्हरड्राफ्ट मिळतो. इक्विटी फंडांवर साधारण मूल्याच्या निम्मी मर्यादा मिळते आणि व्याज फक्त वापरलेल्या रकमेवर लागतं. बोनस आला की भरा, गरज पडली की पुन्हा काढा. धोका एकच, पण मोठा आहे. बाजार पडला की मर्यादाही खाली येते. २२ लाखांवर ११ लाखांची मर्यादा मिळाली आणि ती तुम्ही पूर्ण वापरली, तर बाजार दहा टक्के घसरताच बँक फरक भरायला सांगेल. नाही भरला तर युनिट विकून टाकेल, तेही पडलेल्या भावात. म्हणून मर्यादेच्या साधारण निम्म्यावर थांबायचं.

आणि कर्जाचा विचार करताना एक पर्याय माणसं विसरतात, तो म्हणजे थोडी युनिट सरळ विकणं. वर्षाहून जुन्या इक्विटी फंडांवरचा सव्वा लाखापर्यंतचा नफा एका आर्थिक वर्षात करमुक्त असतो, त्यापुढच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर बसतो. तेरा टक्क्यांनी कर्ज काढून आपलीच गुंतवणूक शाबूत ठेवण्यात नेहमीच शहाणपण असतं असं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हप्ता ठरवण्याआधी दुरुस्तीचा पैसा बाजूला काढा. आयात स्पोर्ट्स कारची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. २६ लाखांच्या गाडीला लागणारा गिअरबॉक्स नव्या पोर्शच्या गिअरबॉक्सच्या भावाचाच असतो. किमतीच्या दहा ते पंधरा टक्के रक्कम वर्षाला देखभालीसाठी धरा असं मी प्रत्येकाला सांगते, आणि पहिल्या वर्षासाठी ३ लाख रोख हाताशी असल्याशिवाय सौदा करू देत नाही. मी हप्ते थकलेल्या ज्या फाइली पाहिल्या, त्यांतल्या कितीतरी माणसांनी हप्त्याचा हिशेब बरोबर केला होता. वर्कशॉपच्या बिलाचा केला नव्हता. बिल क्रेडिट कार्डावर गेलं आणि तिथून घसरण सुरू झाली.

तुमच्या मॉडेलबद्दल एक दिलासा आहे. बॉक्सस्टरच्या २००८ पर्यंतच्या इंजिनांत आयएमएस बेअरिंग (इंजिनातल्या मधल्या शाफ्टचं बेअरिंग) निकामी होऊन अख्खं इंजिन जाण्याची भीती होती. २००९ पासूनच्या इंजिनात ते बेअरिंगच नाही. तेव्हा डीलरने 'चार लाख स्वस्त' म्हणून २००७ची गाडी पुढे केली तर तो फरक बचत समजू नका. पीडीके, म्हणजे पोर्शचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर तो पूर्ण गरम झाल्यावर चालवून बघा. त्याच्या आतला एक सेन्सर बिघडल्यावर पूर्ण गिअरबॉक्स बदलायला सांगितल्याची उदाहरणं आहेत. आणि कापडी छत म्हटल्यावर आपल्याकडचा पाऊस आलाच. छताच्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या पानांनी-धुळीने तुंबल्या की पाणी सीटखाली उतरतं, आणि तिथेच इमोबिलायझरचं (चोरीपासून बचावासाठी इंजिन रोखणाऱ्या यंत्रणेचं) कंट्रोल युनिट बसवलेलं असतं. सीटखालच्या गालिच्यात हात घालून ओल बघा. टायरच्या बाजूवरचा चार अंकी आकडा वाचा: पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. खोबणी भरपूर दिसते म्हणून आठ वर्षांचे टायर चांगले ठरत नाहीत. ही सगळी तपासणी विक्रेत्याच्या ओळखीच्या गॅरेजात न करता ब्रँडच्या सर्व्हिस सेंटरमध्ये किंवा पोर्श उघडणाऱ्या स्वतंत्र मेकॅनिककडे करा, आणि इंजिनाच्या कंट्रोल युनिटमधला ओव्हर-रेव्हचा अहवाल मागून घ्या. आधीच्या मालकाने इंजिन किती ताणलंय ते त्यात दिसतं.

विम्यावर फार विसंबू नका. गाडी पाच वर्षांपुढे गेली की आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, कंपनी आणि तुम्ही मिळून ठरवता, ती कमी ठेवून प्रीमियम वाचवू नका. झीरो डेप (भागांची घसारा-कपात न करणारं वाढीव संरक्षण) बहुधा मिळणारच नाही. म्हणजे दाव्यात प्लास्टिक आणि रबराच्या भागांचे निम्मे पैसे तुमचे, आणि गाडी दहा वर्षांपुढची असल्याने धातूच्या भागांचेही निम्मे तुमचे. या गाडीचा पुढचा बंपर घासला तर बिलातला तुमचा वाटा लहान नसतो. पेट्रोलही खर्चात धरा. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि ही गाडी त्यासाठी बनवलेली नाही. इथेनॉल नसलेलं १०० ऑक्टेनचं पेट्रोल भरायचं तर साध्याच्या दीडपट भाव मोजावा लागतो.

आता तुमचा हिशेब. ८ लाखांतले ३ लाख राखीव ठेवले की हातात ५ उरतात, म्हणजे २१ लाख उभे करायचे. आज ते करायचे म्हटलं तर ११ लाखांचा पूर्ण ओव्हरड्राफ्ट आणि १० लाखांचं वैयक्तिक कर्ज लागेल. साडेदहा टक्के धरून ओव्हरड्राफ्टचं व्याज महिना ९,६००, १३ टक्के धरून तीन वर्षांचा हप्ता ३३,७००, आणि घराचे ४८ हजार. एकूण ९१ हजारांच्या वर, म्हणजे पगाराच्या जवळपास ५४ टक्के. त्यावर देखभाल, पेट्रोल, विमा. एखादी वित्त कंपनी हे मंजूरही करेल. मी असते तर केलं नसतं.

त्याऐवजी असं करा. दहा महिने दरमहा ५५ हजार वेगळ्या खात्यात टाका. जो हप्ता आणि जी देखभाल पुढे द्यायची आहे, ती आत्ता स्वतःलाच द्या. एखाद्या महिन्यात जमलं नाही तर का जमलं नाही ते लिहून ठेवा. ती माहिती कोणत्याही बँकेच्या पात्रता-गणितापेक्षा खरी असते. जमलं तर साडेपाच लाख जमतील आणि गरज साडेपंधरा लाखांवर येईल. त्यातले साडेतीन लाख युनिट विकून उभे करा, ५ लाख ओव्हरड्राफ्टमधून घ्या, आणि ७ लाखांचं वैयक्तिक कर्ज तीन वर्षांसाठी काढा. हप्ता २३,६०० आणि ओव्हरड्राफ्टचं व्याज ४,४०० मिळून महिना २८ हजार. घराच्या हप्त्यासह ७६ हजार, म्हणजे पगाराच्या ४५ टक्क्यांच्या आत. उरलेल्या साडेअठरा लाखांच्या फंडांचं मूल्य ४० टक्के घसरलं तरी मर्यादा साडेपाच लाखांच्या वर राहते, तुमचे ५ लाख सुरक्षित राहतात. ओव्हरड्राफ्टचं मुद्दल दरवर्षी बोनसमधून उतरवायचं, हे मात्र पहिल्याच दिवशी ठरवा.

तुम्ही म्हणाल, ही गाडी दहा महिने थांबणार नाही. नाही थांबणार. पण तोवर तिची आरसी संपायला आणखी जवळ येईल, आणि अशा गाड्यांचे भाव त्या सुमारास नरमतात. दुसरी मिळेल. दिल्लीची गाडी स्वस्तात दाखवतील तेव्हा सावध राहा. तिथे पेट्रोल गाड्यांवर १५ वर्षांच्या वयाची टांगती तलवार आहे म्हणून त्या इकडे येतात. इकडे आणायची तर दिल्लीच्या आरटीओची एनओसी, इथला वयानुसार मोजलेला रोड टॅक्स आणि नवीन नंबर, हे सगळं करावं लागतं. आयात गाडीला आपल्याकडे त्या टॅक्सचा दर चढा आहे. दिल्लीत वाचलेले पैसे बरेचसे तिथेच जातात.

व्यवहाराच्या दिवशीचा क्रम नीट पाळा. परिवहन खात्याच्या पोर्टलवर आरसी तपासा आणि बोजा कुणाच्या नावावर दिसतो ते बघा. मुंबईतल्या अशा बऱ्याच गाड्या कंपनीच्या नावावर असतात. तसं असेल तर संचालक मंडळाचा ठराव मागा आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या नोंदीत त्या गाडीवर 'चार्ज' (कर्जाचा बोजा) शिल्लक नाही ना, तेही बघा. विक्रेत्याचं कर्ज बाकी असेल तर तेवढी रक्कम त्याच्या हातात न देता थेट त्याच्या कर्जखात्यात भरा. बँकेची एनओसी आणि बोजा उतरवण्याचा सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ हातात आल्यावरच उरलेले पैसे आणि मालकी हस्तांतराच्या फॉर्म २९-३० वरच्या सह्या. 'थोडे रोख द्या' म्हटलं तर नकार द्या, एका व्यवहारात २ लाख किंवा जास्त रोख घेणं कायद्याने चालत नाही आणि तुमच्याकडे पुरावाही राहत नाही. विम्याचं हस्तांतर १४ दिवसांत करून घ्या. विक्रेत्याचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, त्यामुळे फरकाचा प्रीमियम भरावा लागेल.

दुसरी गाडी आहे का आणि घरात दुसरा पगार आहे का, एवढं कळवलंत तर वरचे आकडे तुमच्यासाठी पुन्हा मांडून देते.